सातबाऱ्यापासून करीन्यापर्यंत : घराण्याचे जुने कागद वाचताना

आजोबांचे आजोबा, इथवरची नावं बहुतेक घरांत कुणाला तरी पाठ असतात. त्यामागचं घराणं शोधायचं तर कागदांकडे जावं लागतं, आणि माझा अनुभव असा की शोध कागदांपेक्षा शब्दांवर जास्त अडतो. नक्कल हाती पडते, अक्षरही लागतं, पण 'ए.कु.मॅ.', 'अ.पा.क.', 'राजीनामा', 'कोम', 'मजकूर', 'इसन्ने सबैन' असे शब्द वाट अडवून उभे राहतात. यातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी कायद्याचा किंवा कुठल्या तरी अमदानीतल्या कचेरीचा आहे. तो कायदा कोणता आणि कोणत्या साली लागू होता हे कळलं, की त्याच ओळीतून नातं, वय, हिस्सा, मृत्यूचा सुमार असं बरंच काही निघतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी, वतनदार घराण्याचे कागद २०२३ च्या दिवाळीनंतर गोळा करायला घेतले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पेशवाईतल्या कागदांपर्यंत, म्हणजे वतनाची हकिकत सांगणाऱ्या करीन्यापर्यंत, पोचता आलं. काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहितो आहे, कारण हा क्रम उलटा केला तर मागचे शब्द लागत नाहीत.

सुरुवात सातबाऱ्यापासून

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. घराण्याच्या शोधात त्यातली सगळ्यांत मोलाची जागा म्हणजे खालचा 'जुने फेरफार क्रमांक' हा चौकोन. हस्तलिखित जुन्या सातबाऱ्यावर हेच आकडे नावांशेजारी वर्तुळात असतात. ते सगळे आकडे एका वहीत उतरवून घ्यायचे. प्रत्येक आकडा म्हणजे कुणाचा तरी मृत्यू, वाटणी, खरेदी, गहाण किंवा कोर्टाचा हुकूम.

सातबाऱ्यावरचे शब्द फार वेळ घेत नाहीत. 'पो.ख.' म्हणजे पोटखराब, लागवडीस अयोग्य भाग; 'आकार' म्हणजे शेतसारा, 'भो.व. २' म्हणजे भोगवटादार वर्ग २, अर्थात शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन. 'न.अ.श.' म्हणजे नवीन अविभाज्य शर्त. घराण्याच्या दृष्टीने वर्ग २ हा शेरा महत्त्वाचा, कारण त्यामागे बहुधा वतन, इनाम किंवा कुळकायदा असतो आणि तिन्हींची कागदपत्रं वेगळ्या दप्तरांत असतात. 'कु.का.क. ४३' दिसलं तर जमीन १९४८ च्या कुळकायद्याखाली कुळाला मिळालेली. त्या कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला होता, म्हणून पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात कलम ३२-ग च्या, म्हणजे कुळाने जमीन विकत घेण्याची किंमत ठरवल्याच्या, नोंदी गावोगाव आढळतात. तिथे 'कुळ' हा शब्द वंशाचा नाही, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा आहे. वंशावळ काढणारा माणूस इथे हमखास चकतो.

फेरफार : इथे घाई करू नये

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. स्कॅन झालेले फेरफार 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर काही प्रमाणात मिळतात. गाव, कागदाचा प्रकार आणि फेरफार क्रमांक माहीत असला की शोध सोपा होतो. बाकीच्यांसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा लागतो. २०२३ च्या दिवाळीनंतर कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू होता. अभिलेख कक्षांवर अतोनात ताण होता आणि नकला मिळायला हिवाळा सरला. अर्जात 'अमुक घराण्याचे सर्व फेरफार' असं मोघम लिहिलं की तो मागे राहतो. गाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक आणि फेरफार क्रमांक असा तक्ता जोडला तर काम करणाऱ्यालाही सोपं जातं. कागद मिळत नाही असं उत्तर आलं तर ते लेखी मागावं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

फेरफाराला चार रकाने असतात: नोंदीचा क्रमांक, हक्काचा प्रकार, परिणाम झालेले जमिनीचे क्रमांक, आणि तपासणी अधिकाऱ्याची सही व शेरा. घराणं दुसऱ्या रकान्यात असतं, पण चौथा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'रद्द' असा शेरा असेल तर दुसऱ्या रकान्यातला मजकूर कायम झालेला नाही. तरीही तो टाकून देऊ नये. वारसांनी एकमेकांवर हरकत घेतलेल्या नोंदीत नातेसंबंध जास्त तपशिलाने येतात. तक्रारी नोंदी नमुना ६-अ मध्ये आणि वारस नोंदी ६-क मध्ये असतात, त्यांची नक्कल वेगळी मागावी लागते.

आता शब्द. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कर्ता. १९३० च्या एखाद्या नोंदीत बाप वारल्यावर फक्त थोरल्या मुलाचं नाव लागलेलं असतं, त्यापुढे ही अक्षरं असतील तर धाकटे भाऊ हयात आहेत, त्यांची नावं फक्त लिहिलेली नाहीत असं धरून शोध चालू ठेवायचा. ते भाऊ बहुधा वीस-तीस वर्षांनी 'वाटप' किंवा 'हक्कसोड' या नोंदीत एकदम पुढे येतात. अशा वेळी या भावांना नंतरच्या पिढीत टाकण्याची चूक वंशावळींत वारंवार आढळते.

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. 'अज्ञान अमुक, अ.पा.क. आई अमुक' या एका ओळीत तीन गोष्टी मिळतात: मूल १८ वर्षांखालचं आहे, बाप वारला आहे, आणि आईचं नाव काय. वय लिहिलेलं असेल तर उत्तमच. नसेल तरी जन्मसालाची एक मर्यादा हाती येते. नोंद १९३४ ची असेल तर जन्म १९१६ नंतरचा.

बायकांची नावं शोधायची तर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना उघडावा. १९३७ च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या हिश्शाची मालकी मिळत नसे, अन्नवस्त्राचा हक्क मिळे. म्हणून तिचं नाव कब्जेदार म्हणून लागत नाही, 'पोटगी' किंवा 'अन्नवस्त्र' अशा बोज्यासारखं इतर हक्कांत जातं. १९३७ नंतर ती हयातीपुरत्या हक्काने दिसू लागते आणि १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर मुलीही वारस म्हणून येतात. त्यामुळे १९५६ च्या आधीच्या वारस नोंदीत मुली नाहीत, यावरून मुली नव्हत्या असं कधीच समजू नये. वतनी जमिनीत तर १८८६ च्या पाचव्या कायद्याने विधवा सोडून इतर स्त्री वारसांना पुरुष वारसांच्या मागे ढकललं होतं. कित्येक घरांच्या वंशावळीत तीन-तीन पिढ्या एकही लेक नाही, त्याचं कारण कागदाच्या या कायद्यात आहे. त्या लेकींची नावं मिळवायला दुसऱ्या वाटा धराव्या लागतात आणि त्या धराव्यातच.

दत्तकाच्या बाबतीत सनावळी जुळत नाही म्हणून अनेक जण थांबतात. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या मागे दत्तक घेता येत असे आणि त्यासाठी नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागत नसे. घेतलेला मुलगा कायद्याने नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा मानला जाई. म्हणजे 'बाप' वारल्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला मुलगा कागदोपत्री त्याचाच मुलगा असू शकतो. हा नियम १९५६ च्या दत्तक कायद्याआधीचा. अशी विसंगती दिसली की साल खोडू नका, दत्तकपत्र शोधा.

हिस्सा आणे-पैत लिहिलेला असतो आणि तो भावंडांची संख्या सांगतो. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे पूर्ण जमीन १९२ पै. '५ आणे ४ पै' म्हणजे ६४ पै, एक तृतीयांश. '२ आणे ८ पै' म्हणजे ३२ पै, एक षष्ठांश. एखाद्याचा हिस्सा षष्ठांश निघाला तर आधी तीन भाऊ आणि मग एका भावाची दोन मुलं, असा अंदाज बांधून तो दुसऱ्या नोंदीवर ताडून पाहता येतो. अंदाज आणि पुरावा वहीत वेगळ्या शाईने लिहावेत.

गटापासून सर्व्हे नंबरापर्यंत

१९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबवल्यावर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. योजना गावागणिक वेगळ्या साली झाली. एकत्रीकरणाचा उतारा भूमि अभिलेख कार्यालयातून घेतला की जुना आणि नवा क्रमांक समोरासमोर येतो. त्याशिवाय मागे जाता येत नाही. कडईपत्रक साधारण १९३० च्या सुमाराचं, त्यात क्षेत्र, आकार आणि धारक एकत्र मिळतात. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. त्याही मागे बिघे येतात: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर.

गाव नमुना १४

जन्ममृत्यूची ही गावची वही, लोक तिला कोतवाल बुकही म्हणतात. तिची पानं उलटताना मन घट्ट करावं लागतं. जन्माच्या नोंदीत बहुधा मुलाचं नाव नसतं, 'अमुक यास मुलगा' एवढंच. नाव बारशाला, नोंद त्याच्या आधी. पुढे काही ओळींनी मृत्यूच्या रकान्यात तसंच निनावी मूल दिसतं आणि ते तेच असावं हे कळतं. मृत्यूच्या कारणांत 'पटकी' म्हणजे कॉलरा, 'देवी' म्हणजे स्मॉलपॉक्स, 'गाठीचा ताप' म्हणजे प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो आत पसरला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वर्षी बऱ्याच गावांत नुसता 'ताप' लिहिलेला आढळतो आणि पानंच्या पानं भरलेली असतात. या वहीत जात लिहिलेली असते, म्हणून जातपडताळणीसाठी तिला मागणी असते. आपल्याला मात्र सगळ्या ओळी हव्या असतात, त्यामुळे अर्जात सालांची मर्यादा स्पष्ट घालावी.

आडनाव नसणं ही इथली मोठी अडचण. १९०० च्या आसपास फक्त माणसाचं आणि बापाचं नाव असतं, 'राघू बिन तुका' असं. 'बिन' म्हणजे मुलगा. 'वलद' म्हणजेही मुलगा. 'भ्रतार' म्हणजे नवरा, 'कोम' म्हणजे बायको: 'सगुणा कोम राघू' म्हणजे राघूची बायको सगुणा. त्याच गावात दोन 'राघू बिन तुका' असतील तर शेताच्या क्रमांकावरूनच वेगळे करता येतात, म्हणून फेरफार आधी आणि नमुना १४ नंतर.

नोंदणीचे दस्त

२०२४ च्या पावसाळ्यात दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूचींचा शोध घेतला. सूची १ नावांची, सूची २ मिळकतींची. बही १ मध्ये स्थावर मिळकतीचे दस्त, बही ३ मध्ये मृत्युपत्रं. शोधाची फी सालागणिक लागते, म्हणून फेरफारातून साल आधी नक्की करून जावं. 'अंदाजे १९२० ते १९५०' असा शोध मागितला तर पैसाही जातो आणि दिवसही.

दस्तांत सर्वांत फसवा म्हणजे खरेदीखत. पणजोबांनी जमीन विकली अशी घरात आख्यायिका असते, आणि दस्त उघडला की तो 'मुदत खरेदी' किंवा 'शर्ती खरेदी' निघतो. म्हणजे रूप विक्रीचं, आशय गहाणाचा, ठरल्या मुदतीत रक्कम फेडली की जमीन परत. १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन अशी शर्त त्याच दस्तात असली पाहिजे असं ठरलं. त्याआधी शर्तीचा कागद स्वतंत्रही असे. म्हणून १९२९ च्या आधीची खरेदी दिसली तर त्याच तारखेचा किंवा लगतचा दुसरा कागद आहे का हे पाहावंच. नुसत्या खरेदीखतावरून पूर्वजाने जमीन उधळली असा शिक्का मारणं अन्यायाचं आहे. 'ताबेगहाण' म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात, 'नजरगहाण' म्हणजे ताबा मालकाकडेच.

पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट लागू झाला, १८७५ च्या दंग्यांनंतर. त्याने शेतकऱ्यांच्या कर्जाचे दस्त गावनोंदणीदारापुढे लिहिण्याची पद्धत आणली. याचा घराण्याच्या शोधाला मोठा फायदा असा की अगदी छोट्या कर्जांचेही कागद निघतात आणि त्यांत कर्जदाराचं नाव, बापाचं नाव, वय, राहण्याचं गाव असतं.

'राजीनामा' हा शब्द आला की नोकरी डोळ्यांपुढे आणू नये. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात जमिनीचा हक्क सोडण्याच्या अर्जाला राजीनामा म्हणत आणि घेणारा कबुलायत लिहून देई. 'अमुक याने राजीनामा दिला, तमुक याने कबुलायत दिली' म्हणजे जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली. 'फारखत' म्हणजे मोकळीक. ती कर्जाची असेल, भाऊबंदकीतली असेल किंवा काडीमोडाची. कोणती ते पुढच्या ओळीशिवाय ठरवू नये. कोर्टाच्या कागदांत 'हुकूमनामा' म्हणजे डिक्री आणि 'दरखास्त' म्हणजे तिच्या अंमलबजावणीचा अर्ज. दरखास्त उशिराची असेल तर प्रतिवादी वारलेला असतो आणि त्याच्या जागी 'मयताचे वारस' म्हणून सगळी मुलं नावानिशी, वयानिशी येतात. वारसाचा दाखला १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मागितला असेल तर ती फाईल जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाच्या अभिलेखात शोधावी.

सहीच्या जागी 'नि.डा.हा.अं.' म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. 'बकलम' असेल तर ते लेखकाचं नाव, दस्त करून देणाऱ्याचं नव्हे. जुन्या कागदावर पाटलाची निशाणी नांगर असते.

वतन आणि इनाम

वर्ग २ चा शेरा इथे उपयोगी पडला. इनामांचे सात वर्ग: पहिला सरंजाम-जहागिरीचा, दुसरा जात इनाम म्हणजे व्यक्तीला दिलेल्या इनामाचा, तिसरा देवस्थान, चौथा देशमुख-देशपांडे अशा परगणे वतनदारांचा, पाचवा पाटील-कुलकर्ण्यांचा, सहावा महार, रामोशी यांसारख्या गावकामगारांचा आणि बलुतेदारांचा, सातवा शाळेसारख्या सार्वजनिक कामांसाठी दिलेल्या जागांचा. वर्ग कळला की खालसा करणारा कायदा कळतो आणि त्यावरून फाईल. परगणे व कुलकर्णी वतनं १ मे १९५१ ला गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतनं १ ऑगस्ट १९५९ ला, मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला. या तारखांच्या आसपासचे फेरफार वतनाचा सगळा इतिहास एका परिच्छेदात देतात. 'जुडी' म्हणजे इनाम जमिनीवरचा कमी दराचा सारा. 'दुमाला' म्हणजे ज्याचा वसूल सरकारने दुसऱ्याला तोडून दिलेला, त्याउलट 'खालसा' म्हणजे सरकारी.

आता सर्वांत मोलाचा कागद. १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनने इनामांची चौकशी केली, तेव्हा इनामदारांनी आपला 'पिढीनामा' आणि 'कैफियत', म्हणजे लेखी निवेदन, सादर केली. पिढीनामा म्हणजे मूळ पुरुषापासूनची वंशावळ, हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेली. १८७४ च्या वतन कायद्याखालच्या रजिस्टरांतही हक्कदारांच्या शाखा, म्हणजे 'तक्षिमा', येतात. मात्र पिढीनामा हा बाजू मांडणारा कागद आहे हे विसरू नये. ज्या शाखेने तो दिला तिने स्वतःला थोरली म्हटलेलं असतं. प्रतिपक्षाची कैफियत मिळेपर्यंत थोरलेपणाचा रकाना कोरा ठेवणं बरं.

मोडी आणि तिच्या खुणा

सुमारे १९५० पर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. पुराभिलेख विभागाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडी वर्ग होतात, त्यांनी अक्षरओळख होते. वेग मात्र रोजच्या वाचनानेच येतो. सुरुवात १९२०–४० च्या महसुली कागदांपासून करावी, कारण त्यांतली वाक्यं ठरावीक असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत आणि रेघ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली असतात. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं असेल तर आधी लिप्यंतर मागावं, मूळ ओळींप्रमाणे, शंकास्पद शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालून. नुसता सारांश घेतला तर पुढे कोणताच शब्द ताडून पाहता येत नाही. दर पानामागे आणि आधी ठरवून घ्यावा.

दोन उभ्या रेघांनी (॥) शब्द तोडलेला असतो: 'मौ॥' मौजे, 'क॥' कसबे, 'प॥' परगणे. पण हीच खूण आकड्यानंतर आली तर ती अर्ध्याची. '।' पाव, '॥' अर्धा, '॥।' पाऊण. रुपयांनंतरच्या आडव्या रेघा आण्यांच्या. '८।=' म्हणजे आठ रुपये सहा आणे. शब्दामागे की आकड्यामागे, एवढं पाहिलं की गोंधळ मिटतो.

'मौजे मजकूर' या नावाचं गाव शोधणारे लोक मी पाहिले आहेत. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं, म्हणजे तेच गाव. 'सदरहू' आणि 'मशारनिल्हे' याच जातीचे, दुसरा माणसासाठी. 'पेशजी' पूर्वी, 'हाली' सध्या, 'तागाईत' पर्यंत. 'मोकदम' म्हणजे पाटील. 'मिरासदार' म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणारा, 'उपरी' बाहेरून येऊन कसणारा, 'गतकुळ' म्हणजे मूळ धारक घराणं नष्ट किंवा परागंदा झालेली जमीन. 'गतकुळी' जमीन घेतल्याचा कागद मिळाला तर घराणं त्या गावात केव्हा आलं याचा तो पुरावा ठरू शकतो. शेवटी 'जाणिजे' असेल तर कागद वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिलेला. 'मोर्तब सुद' म्हणजे शिक्क्याने समाप्ती.

शब्द अडला की मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात पाहावं, महसुली व न्यायाच्या शब्दांसाठी विल्सनचा १८५५ चा कोश, आणि फारसी मूळ शोधायला माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश. तिन्हीकडे अर्थ वेगळा दिसला तर कागदाच्या सालाला जवळचा घ्यावा.

सन, शक आणि चंद्र

सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि सर्वांत जास्त आनंदही इथेच मिळाला. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो, आधी एकं, मग दहं, मग शतक, मग हजार. 'सन इसन्ने सबैन मया व अलफ': इसन्ने २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, एकूण ११७२. एकं असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. 'सबा' आणि 'सबैन', 'सीत' आणि 'सितैन' यांत मोडीत शेवटच्या अक्षराचाच फरक राहतो, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांची चूक होते. 'मयातैन' म्हणजे २००.

सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११७२ म्हणजे १७७१–७२. दख्खनी फसली, म्हणजे महसुली सन, त्याच दिवशी बदलतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. फसलीतून ९ वजा केले की सुहूर मिळतो. शकात ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. त्यामुळे शके १६९३ खरनाम संवत्सर, सुहूर ११७२, फसली ११८१ आणि राज्यशक ९८ हे चारही एका वर्षाचे. कागदावर यांतले दोन असतील तर ते एकमेकांशी जुळवावेत. संवत्सराचं नावही साठ वर्षांच्या चक्रात मोजून पाहावं. ते जुळलं नाही तर वाचनात चूक आहे किंवा कागद नंतरची नक्कल आहे.

तारीख 'छ १२ सफर' अशी असते. 'छ' ही चंद्राची खूण, मुसलमानी महिन्याची तारीख. चांद्र वर्ष दरवर्षी मागे सरकत असल्याने सफर कधी पावसाळ्यात, कधी हिवाळ्यात. इथे तोंडी हिशेब चालत नाही, जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून देणारं पुस्तक, उघडावी लागते. मराठवाड्याच्या निजामी कागदांवरचा फसली ऑक्टोबरात बदलतो, मृगाला नव्हे, आणि ते कागद उर्दूत असतात. नागपूरकडे खोत-वतनदारांऐवजी मालगुजार भेटतो. त्या भागांसाठी इथले आडाखे जसेच्या तसे लावू नयेत.

पुराभिलेखागार आणि करीना

२०२५ च्या उन्हाळ्यात पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर पाहायला मिळालं. ओळखपत्र, संशोधनाचा हेतू सांगणारा अर्ज आणि नेमकी मागणी लागते. कागद रुमालांत बांधलेले असतात आणि रुमाल रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा हिशेबी विभागांत. आजच्या तालुक्याच्या नावाने काही सापडत नाही, गावाच्या जुन्या महसुली विभागाचं, म्हणजे परगण्याचं, तर्फेचं किंवा साताऱ्याकडे 'संमत' याचं, नाव माहीत असावं लागतं. ते इनामाच्या फाईलवर लिहिलेलं असतं, म्हणून ती आधी मिळवलेली असावी.

वतनाच्या वादाचे कागद एका ठरावीक क्रमाने चालतात. वादी-प्रतिवादी 'तकरीर' म्हणजे जबानी देतात, 'करीना' म्हणजे वतनाची हकिकत लिहून देतात, जामीन व 'कतबा' म्हणजे निवाडा पाळण्याचा लेखी करार होतो, गोत म्हणजे निवाड्याची सभा बसते, 'महजर' म्हणजे सभेचा निवाडापत्र होतो, हरलेला 'यजितखत' म्हणजे हार कबूल करणारा कागद देतो, जिंकलेला सरकारात 'हरकी' किंवा 'शेरणी' भरतो आणि हरलेल्यावर 'गुन्हेगारी' म्हणजे दंड बसतो. घराण्यासाठी यातला करीना अनमोल. मूळ पुरुष कुठून आला, कोण दुष्काळात परागंदा झाला, कोणाच्या पश्चात वतन चुलत्याकडे गेलं, हे सगळं सलग गद्यात येतं. पिढ्यांची नावं येतात, सालं क्वचित. म्हणून करीन्यातली शेवटची दोन नावं पिढीनाम्यातल्या पहिल्या दोन नावांशी जुळतात का हे आधी पाहायचं. जुळली तर दोन्ही साखळ्या जोडता येतात, एकच नाव जुळलं तर जोड तुटक रेषेने दाखवायची, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने तेच नाव दर दोन पिढ्यांनी येतं.

हाताने उतरवून घेतलेल्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक, मूळ तारीख आहे तशी आणि तिच्याखाली काढलेली इंग्रजी तारीख अशा चार ओळी लिहाव्यात. मूळ तारीख न लिहिता नुसती काढलेली तारीख ठेवली तर पुढे जंत्रीत दुरुस्ती करायला काहीच हाती राहत नाही.